एकावर एक दोन ठिपके

पुरवणी जबाब
दिनांक १८/०१/२०२५
पोलीस ठाणे, ता. मुळशी, जि. पुणे

रंभाबाई हैबतराव ढमाले, वय ५६ वर्षे, धंदा शेती व घरकाम, रा. मौजे रिहे, ता. मुळशी, जि. पुणे.

मी वरील ठिकाणी माझे पती, मुलगा शेखर, सून सायली व माझी मुलगी प्राजक्ता यांच्यासह एकत्र राहते. आमची भातशेती आहे. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणाऱ्या पाहुण्यांना मी जेवण करून देते. आज मला कोणी बोलावलेले नाही. स्वतःच्या पायाने ठाण्यात येऊन, हवालदार शुभांगीताई यांच्यासमोर बसून सांगते की, दिनांक १३ रोजी मी याच ठाण्यात जो जबाब दिला त्यातले निम्मे चुकीचे आहे. मी मुद्दाम खोटे बोलले नव्हते. मला जे दाखवले तेच मी सांगितले होते. ताई म्हणाल्या, मावशी, मोजके सांगा. मी म्हणाले, मोजके सांगूनच तर हा घोळ झाला, आता सगळे लिहा.

सायली माझी सून, वय २७, माहेर भोर तालुक्यातले. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बॅगेत साड्यांखाली पळायचे बूट निघाले. त्यावरून घरात बरीच धुसफूस झाली. ह्यांचे म्हणणे, ढमाल्यांची सून डोंगरात पळत सुटली तर लोक काय म्हणतील. मी म्हणाले, म्हणू द्या लोकांना, तिला पळू द्या, फक्त ती मला दिसली पाहिजे. हे मीच म्हणाले होते. मग शेखरने तिचा मोबाईल माझ्या मोबाईलला जोडून दिला. रोज सकाळी ती पळायला जायची आणि मी भाकरी थापता थापता तिचा ठिपका बघायचे. ठिपका भलतीकडे वळला की फोन करायचे, "का गं, तिकडं कशाला गेलीस?" एवढेच विचारायचे, दुसरे काही नाही. मी मध्ये पडले नसते तर तिचे बूट माळ्यावर धूळ खात पडले असते, हे ती स्वतःसुद्धा नाकारणार नाही.

प्राजक्ता माझी धाकटी मुलगी, वय २३. वहिनीचे बघून तीही पळू लागली. नणंद-भावजयीचे असे सूत जमले की दोघी एका ताटात जेवायच्या, एकीचे बूट दुसरी घालायची. प्राजक्ता कायम वहिनीच्या चार पावले मागे. मी तिला म्हणायचे, "वहिनी बघ कशी जाती, आणि तू आपली लोंबकळत मागनं." गमतीने म्हणायचे. दिवाळीनंतर तिची सोयरीक बावधनच्या चांगल्या घरात जमली. लग्न येत्या मे महिन्यात आहे, म्हणजे होते.

पियूष हा बावधनला राहणारा तरुण गेली काही वर्षे आमच्या खोऱ्यात डोंगरात पळायची शर्यत भरवतो. त्याच्याविरुद्ध मी मागचा जबाब दिला आहे. ह्या शर्यतीत वाट आखून दिलेली नसते. डोंगरावर तीन चौक्या असतात, तिथे हजेरी लावायची, मधले अंतर ज्याला जिथून जमेल तिथून काटायचे. चुना टाकलेला नसतो, फिती बांधलेल्या नसतात, मधल्या वाटेवर माणूस नसतो. म्हणून प्रत्येकाच्या खांद्याच्या पट्ट्याला साबणाच्या वडीएवढी केशरी पेटी अडकवतात. तिला ट्रॅकर म्हणतात. पळणारा कुठे आहे तो ठिपका त्यावरून मोबाईलवर दिसतो, आणि पडले-झडले तर बटण दाबायचे की मदत येते. पेटी दुसऱ्याकडे दिली तर दोघेही शर्यतीतून बाद, असा कडक नियम आहे. हे सगळे पियूषने गावाच्या मीटिंगमध्ये समजावून सांगितले होते. तो म्हणाला होता, "काकू, ठिपका फक्त जिवासाठी आहे. कोण कुठल्या वाटेनं गेलं यात आम्ही पडत नाही. चौकी आमची, वाट तुमची." मी म्हणाले, "तुमी नका पडू, मी हाय की पडायला." सगळे हसले. सायलीसुद्धा हसली होती.

तिसऱ्या चौकीपासून खाली गावाकडे यायला दोनच वाटा आहेत. एक डोंगराच्या सोंडेवरून, लांबची पण धडधाकट. दुसरी नाळेतून. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली घळ, सरळ खाली पडलेली. मागे तिथे दरड आली, तेव्हापासून आमच्याकडचे लोक गुरेसुद्धा तिकडे फिरकू देत नाहीत. गेल्या वर्षी पुण्याची एक मुलगी नाळेतून उतरली आणि सायली सोंडेने आली. सायलीचा पहिला नंबर तिथे गेला. त्यानंतर ती कितीतरी दिवस नाळ, नाळ करत होती. म्हणून ह्या वर्षी आदल्या दिवशी मी दोघींना देव्हाऱ्यापुढे उभे केले आणि नाळेत पाय ठेवणार नाही असा शब्द घेतला. प्राजक्ताने लगेच दिला. सायलीने जरा घुटमळून दिला, पण दिला.

दिनांक १२ रोजी रविवारी सकाळी देवळापुढच्या पटांगणात शर्यत सुटली. पेट्या वाटल्यावर मी सायलीच्या पेटीला काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा बांधला. तिच्यावर सगळ्या गावाचा डोळा, दृष्ट लागायला वेळ लागत नाही. पियूष बघत होता. त्याने विचारले, "काकू, हे काय?" मी म्हणाले, "तुमचं यंत्र तुमच्या जागी, माझं माझ्या जागी." प्राजक्ताच्या पेटीला काही बांधले नाही. घरात एकच बिब्बा होता आणि रविवारचे एवढ्या सकाळी दुकान उघडे नव्हते.

पटांगणात मोठा पडदा लावला होता, त्यावर सगळ्यांचे ठिपके दिसत होते. प्राजक्ताचे होणारे सासू-सासरे मुलाला घेऊन आले होते. सासूबाईंनी सुनेसाठी मोठा हार आणला होता. मी त्यांच्याजवळ बसून कोणता ठिपका कोणाचा ते दाखवत होते. तिसऱ्या चौकीपर्यंत सायली पुढे आणि प्राजक्ता मागे. चौकीवर सायलीचा ठिपका थांबला. मग प्राजक्ताचा ठिपका तिथे पोहोचला आणि दोन्ही एकावर एक बसले. तिथून ते तसेच निघाले, एकावर एक, सोंडेच्या वाटेने. माझ्या जिवात जीव आला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बघा, पुढं हुती तरी नणंदेसाठी थांबली. अशी सून दिवा घेऊन शोधली तरी घावायची न्हाई." प्राजक्ताच्या सासूबाई म्हणाल्या, "नशीबवान आहात हो." मी पडद्याकडे बघून दोन्ही ठिपक्यांवरून हात फिरवला आणि कडाकडा बोटे मोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खाली पाणवठ्याजवळ उंबराचे झाड आहे. तिथे दोन्ही ठिपके थोडा वेळ थांबले. मी म्हणाले, दम खात असतील. मग ते निघाले आणि पटांगणात आले. बायकांमध्ये प्राजक्ता पहिली आली. पण दोन ठिपके आत आले आणि पोरगी एकच आली. मी तिला पोटाशी धरले आणि विचारले, "सायली कुटं हाय गं?" ती म्हणाली, "मागं हाय, येतीया." असे म्हणून ती सासूबाईंकडे वळली. त्यांनी तिच्या गळ्यात हार घातला. प्राजक्ताच्या कमरेच्या पिशवीतून काळ्या दोऱ्याचे टोक बाहेर लोंबत होते. मी ते माझ्या डोळ्यांनी बघितले आणि केसांचा दोरा असेल म्हणून सोडून दिले.

पळून आलेल्यांनी पेटी काढून टोपलीत टाकायची असते. पटांगणाच्या दारावरच्या माणसाने सायलीचा ठिपका आत आला म्हणून ती आली असे धरले. तोंड बघितले नाही. ही पियूषच्या लोकांची चूक आहे आणि ती मी आजही माफ करत नाही, तेवढे मागच्या जबाबातले तसेच राहू द्या. बक्षिसे वाटताना पियूष माईकवर म्हणाला, सगळे ट्रॅकर परत आले, सगळे सुखरूप खाली आले, आता डोंगरावरची माणसे खाली बोलावतो. तेव्हा प्राजक्ता त्याच्या शेजारी कप घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली होती. मला वाटले, सासरची मंडळी समोर आहेत म्हणून लाजते.

पाहुण्यांची जेवणे होईपर्यंत मी दोनदा विचारले. ती म्हणाली, वहिनी ओढ्यावर पाय धुतीया, वहिनी मैत्रिणींत बसलीया. सायलीचा फोन लागत नव्हता, माझ्या मोबाईलवर तिचा रोजचा ठिपकाही उमटत नव्हता, वर डोंगरात रेंजच नसते. ऊन उतरल्यावर मात्र माझा धीर सुटला आणि मी पियूषची गचांडी धरली. त्याने टोपली दाखवली, पडद्यावर ठिपक्याचा माग दाखवला, सायली खाली आलीच आहे असे सांगत राहिला. तरी माणसे गोळा झाली. माग सोंडेचा होता म्हणून सगळे सोंडेवर गेले. अंधारून येत होते तेव्हा माझे पती म्हणाले, "नाळ बघायची का एकदा?" तेव्हा प्राजक्ता सगळ्यांसमोर म्हणाली, "तात्या, वहिनी नाळेला गेलीच न्हाई. माझ्यासंगं हुती सोंडेवर." आणि मी तिच्या पुढे जाऊन म्हणाले, "माझ्या सुनेनं देवापुढं शब्द दिलाय, ती नाळेत जायची न्हाई." माझ्या शब्दावर कोणी पुढे बोलले नाही. नाळेकडे बॅटरीसुद्धा कोणी मारली नाही.

प्राजक्ता माझ्या शेजारी चालत होती. दर चार पावलांवर तोंडाशी हात धरून "वहिनी, वहिनी" अशा हाका मारत होती. तिचा आवाज बसला होता. मी तिला माझी शाल दिली. ही गोष्ट माझ्या काळजातून जात नाही, म्हणून लिहून घ्या. जिथे वहिनी नाही हे जिला ठाऊक होते, तीच तिथे सगळ्यात मोठ्याने हाका मारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वाडीचा बुधा लाकडे आणायला निघाला होता. त्याला नाळेतून शिट्टी ऐकू आली. शर्यतीत प्रत्येकाला शिट्टी दिलेली असते. सायली दरडीच्या दगडांत पडली होती. मांडीचे हाड मोडले होते, खुब्याला मार होता. दहिवराने कपडे भिजले होते आणि ओठ काळेनिळे पडले होते. घोंगडीत घालून तिला खाली आणली तेव्हा मी तिच्या गालाला हात लावला. ती म्हणाली, "आई, रागावू नका." एवढेच बोलली आणि डोळे मिटले. मला वाटले संपले सगळे.

तिला भूगावच्या दवाखान्यात नेले, ऑपरेशन झाले. जिवावरचे पायावर निभावले. चालेल असे डॉक्टर म्हणतात, पळण्याचे विचारले की दुसरेच बोलतात. त्याच दिवशी मी इथे येऊन जबाब दिला की पियूषचे यंत्र खोटे आहे, नाळेत पडलेली पोरगी ते पटांगणात दाखवत होते. ह्यांनी दवाखान्याच्या दारात पियूषच्या थोबाडीत मारली. सायलीने तुमच्या साहेबांना सांगितले की पेटी तिसऱ्या चौकीजवळ कुठेतरी पडली, कळले नाही. प्राजक्ताने सांगितले की मला काही माहीत नाही. सगळे एका तोंडाने बोलत होते आणि मी त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने बोलत होते.

काल दुपारी पियूष दवाखान्यात आला. मी त्याला नको नको ते बोलले. त्याने ऐकून घेतले आणि रुमालातून एक पेटी काढून माझ्या हातावर ठेवली. तिला माझा बिब्बा बांधलेला होता. तो म्हणाला, "काकू, हा तुम्हीच बांधलेला ना? ही पेटी टोपलीत सापडली. डोंगरात पडली असती तर परत आली कशी? आणि ती आत आली तेव्हा दारात कोण आलं, ते तुम्हीच आठवून बघा." मी म्हणाले, "तूच बांधला असशील दुसरा." तो म्हणाला, "काकू, गाठ तरी बघा." मी गाठ बघितली. पाळण्याला, भाताच्या कणगीला मी जशी गाठ मारते तशीच होती. पियूष पोलिसांकडे जाण्याआधी माझ्याकडे आला, हे मी त्याच्या बाजूने सांगते. बिब्ब्याचा दोरा सोडून मी माझ्याकडे ठेवला आणि पेटी त्याला परत दिली.

घरी आले तेव्हा प्राजक्ता तांदूळ निवडत होती. मी तिच्या सुपात बिब्बा टाकला. तिने तो बघितला आणि तिचा हात थांबला.

मी म्हणाले, "ह्यो कुणाचा?"

ती म्हणाली, "वहिनीचा."

"तुझ्याकडं कसा आला?"

"तिनंच पेटी काढून दिली तिसऱ्या चौकीच्या पुढं. म्हणाली, आईंना ठिपका नाळंत दिसला तर त्या माईकवरनं सगळ्या गावाला ओरडून सांगतील, शर्यत थांबवतील. तू सोंडेनं घेऊन ये, उंबरापाशी भेटू, तितं मी परत घेते."

"मग?"

"उंबरापाशी ती न्हवती. मी हाका मारल्या. थोडी थांबले. मागनं पुण्याच्या बायका येताना दिसल्या."

"मग?"

"मग पळाले, आई."

मी विचारले, खाली आल्यावर तरी का नाही बोललीस? ती म्हणाली, समोर सासूबाई हार घेऊन उभ्या होत्या, खरे सांगितले असते तर तिथल्या तिथे दोघींना बाद केले असते, सगळ्यांसमोर. मी म्हणाले, "आन् संध्याकाळी? तात्यांनी नाळ बघू का म्हणलं तवा तुझी जीभ झडली हुती का?" तेव्हा ती रडायला लागली. म्हणाली, "तवर लई खोटं बोलून झालं हुतं. आता नाळ म्हणलं की सगळं उघडं पडणार. मला वाटलं येईल ती. ती वहिनी हाय, तिला काय हुतंय? ती कायम येतीच की पुढं."

मी हात उचलला. मारले नाही. तेव्हा तिने वर बघितले आणि म्हणाली, "तिच्या पेटीला बिब्बा बांधलास. माझ्या पेटीला काय बांधलंस तू?"

घरात एकच बिब्बा होता. हे मी वर सांगितले आहे.

तिथून मी परत दवाखान्यात गेले. सायलीला विचारले की तू स्वतः पेटी दिलीस का. ती आधी नाही म्हणाली. मी बिब्बा दाखवला तेव्हा म्हणाली, "आई, सकाळी पळताना सारखं कुणीतरी पाठीवर बसल्यागत वाटायचं. पाय उचलायच्या आधी तुमचा फोन यायचा. एकदा, फक्त एकदा मला कुणाला न दिसता उतरायचं हुतं. तुमी वाट मोकळी सोडली, पण मला न्हाई सोडलं." बाहेर येऊन जिन्यात बसले.

ताई, मी विचारते, मी काय पहारा करत होते का? मी तिच्यासाठी घरादाराशी भांडले. तिच्या पायांत बूट मी राहू दिले. रोज सकाळी देवाच्या आधी तिचा ठिपका बघितला. आणि ह्या दोघींनी देवापुढे शब्द देऊन माझ्या डोळ्यांत धूळ फेकली. मी पडद्याच्या दृष्टी काढत होते आणि त्या पडद्यावर माझी सून नव्हतीच, तिची नुसती पेटी चालली होती. बरे, दोघींनी मिळून फसवले तर फसवले, दोघी परत आल्या असत्या तर मी चार शिव्या घालून जेवायला वाढले असते. पण एकीने दुसरीला तिथे टाकले आणि वर माझ्या तोंडून माणसांना नाळेकडे जायचे थांबवले. सायलीचा हात माझ्या हातात होता तरी मला कळेना की मी कोणावर रागावू.

काल रात्री घरात सगळे बसले. माझे पती म्हणाले, "घरातलं घरात ऱ्हाऊ दे. त्या पियूषला थोडा तरास हुईल, मग सुटंल." शेखर म्हणाला, "आई, सोयरीक मोडंल, पोरीचा जन्म वाया जाईल." त्याची बायको दवाखान्यात पडली आहे आणि तो बहिणीचे बोलत होता. सायलीनेही मी निघताना माझा पदर धरला होता, म्हणाली, "पेटी पडली असंच ऱ्हाऊ द्या. माझी नणंद हाय ती." सगळी एकमेकांना सांभाळून घेत आहेत. त्या पियूषचे आईबाप बावधनला आहेत, त्यांना कोण सांभाळणार, हे कोणी बोलले नाही. त्यालाही कोणीतरी पोटात वाढवले असेल.

तरी मी स्पष्ट सांगते की, माझी सून सायली हिने स्वतःहून तिचा ट्रॅकर काढून दिला. तो माझी मुलगी प्राजक्ता हिने पटांगणापर्यंत आणला आणि टोपलीत टाकला. सायली नाळेत उतरली हे माझी मुलगी प्राजक्ता हिला तिसऱ्या चौकीपासूनच माहीत होते आणि विचारल्यावर तिने लपवले. पियूषच्या यंत्राने खोटे दाखवले नाही, पेटी जिथे होती तिथेच त्याने दाखवली. त्याच्याविरुद्ध मी जे यंत्राबद्दल बोलले ते मागे घेते. हे सांगायला मला कोणी भाग पाडलेले नाही, उलट सगळ्यांनी अडवले.

बिब्बा व दोरा मी सोबत आणला आहे, तो जमा करते. बाकी मला पुरावा माहीत नाही.

माझी मुलगी प्राजक्ता बाहेर बाकावर बसली आहे. मी तिला "चल" एवढेच म्हणाले आणि ती माझ्या मागून आली. तिचा जबाब तिचा तिला देऊ द्या, मी आत थांबणार नाही. आत घ्यायच्या आधी तिला पाणी द्या, कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नाही.

वरील जबाब हवालदार शुभांगीताईंनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात चार ठिकाणी "प्राजक्ता नावाची मुलगी" असे लिहिले होते, ते मी चारही ठिकाणी खोडून "माझी मुलगी प्राजक्ता" असे करायला लावले. ताई म्हणाल्या, मावशी, नुसते नाव असले तरी चालते. मी म्हणाले, मला नाही चालत. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
रंभाबाई हैबतराव ढमाले